समाजशास्त्राची पहिली ऐंशी वर्षे

मराठीत ‘समाजशास्त्र’ हे नाव कोणाला खटकत नाही. ‘समाज’ आणि ‘शास्त्र’ दोन्ही शब्द संस्कृत घराण्यातले. युरोपात मात्र या विद्येचे बारसेच वादग्रस्त ठरले. ऑगस्ट कॉम्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1839 साली, ‘प्रत्यक्षार्थवादी तत्त्वज्ञानाचे पाठ’ या आपल्या सहा खंडी ग्रंथाच्या चौथ्या खंडात, ‘सोसिओलॉजी’ हा शब्द छापून आणला. सोबतीवाचक लॅटिन शब्दाला त्याने ज्ञानवाचक ग्रीक पद जोडले होते, आणि अशा संकराला भाषाशुद्धीवाले नाक मुरडत. शब्द अशुद्ध आहे पण सोयीचा आहे, एवढीच त्याची भलामण जॉन स्टुअर्ट मिलनेही केली. कॉम्तची पहिली पसंती ‘सामाजिक भौतिकी’ या नावाला होती. पण बेल्जियमच्या अडॉल्फ केतलेने 1835 साली ते नाव आपल्या ग्रंथासाठी उचलले. केतले हा मूळचा खगोलशास्त्रज्ञ. जन्म, मृत्यू, गुन्हे यांच्या आकड्यांतून तो ‘सरासरी माणूस’ शोधत होता. समाजाचे शास्त्र म्हणजे नुसती मोजदाद नव्हे, असे मानणाऱ्या कॉम्तने जुने नाव टाकून नवे घडवले.

समाजाचा विचार त्याआधी होत नव्हता असे नाही. ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दूनने 1377 साली ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात राजघराणी का उगवतात आणि का मावळतात याचे उत्तर ‘असबिया’त, म्हणजे टोळीला बांधून ठेवणाऱ्या आपलेपणात, शोधले होते. माँतेस्क्यूने 1748 साली निरनिराळ्या देशांचे कायदे, हवामान, व्यापार आणि चालीरीती एकमेकांशी ताडून पाहिल्या. तरी स्वतंत्र शास्त्राची निकड एकोणिसाव्या शतकातच भासली. 1789च्या क्रांतीने राजा, सरदार आणि चर्च ही जुनी उतरंड फोडली. त्याच सुमारास गिरण्या-कारखान्यांनी खेड्यातला माणूस उचलून शहरात आणून टाकला. देवाने लावून दिलेली घडी मोडली, तर माणसे एकत्र कशाच्या जोरावर राहतात? पुढच्या शंभर वर्षांत या विद्येचे आद्य विचारवंत एकमेकांशी क्वचितच सहमत झाले, पण त्यांचा प्रश्न हाच होता.

कॉम्तला तो पुस्तकात वाचावा लागला नाही. 1798 साली माँपेलिए येथे जन्मलेल्या या माणसाने एका आयुष्यात नेपोलियनचे साम्राज्य, बूर्बाँ राजांचे पुनरागमन, 1830 आणि 1848च्या क्रांत्या, प्रजासत्ताक आणि पुन्हा एक साम्राज्य पाहिले. 1817 ते 1824 तो सँ-सिमाँचा चिटणीस होता. उद्योगपती आणि शास्त्रज्ञ यांच्या हाती नव्या समाजाची धुरा असावी ही कल्पना सँ-सिमाँची. तिच्यातले कोणाचे किती, या वादातून दोघे तुटले. 1826 साली कॉम्तने पॅरिसमधील आपल्या राहत्या घरी व्याख्यानमाला सुरू केली. श्रोत्यांत अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टसारखी माणसे होती. काही व्याख्यानांतच त्याचे मन ढासळले, त्याने सीन नदीत जीव देण्याचाही प्रयत्न केला. 1829 साली माला पुन्हा सुरू होऊन तिचाच पुढे ग्रंथ झाला.

मानवी बुद्धी तीन अवस्थांतून जाते, हा कॉम्तचा गाजलेला सिद्धांत. धार्मिक अवस्थेत घटनांमागे देवदेवता दिसतात, तात्त्विक अवस्थेत त्यांची जागा ‘निसर्ग’सारख्या अमूर्त शक्ती घेतात आणि प्रत्यक्षार्थवादी अवस्थेत माणूस अंतिम कारणांचा नाद सोडून घटनांमधले नियमित संबंध शोधतो. पटकीच्या साथीचेच घ्यावे. ती मरीआईचा कोप मानणे ही पहिली पायरी, निसर्गाचा समतोल ढळला म्हणणे ही दुसरी आणि कोणत्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या घरांत माणसे दगावली हे पाहणे ही तिसरी. सगळी शास्त्रे एकाच वेळी या पायरीवर पोहोचत नाहीत. गणित, खगोल, भौतिकी, रसायन, जीवशास्त्र अशी चढण चढून शेवटी समाजशास्त्र येते, कारण त्याचा विषय सर्वांत गुंतागुंतीचा. समाज कशाने टिकतो याचा अभ्यास ही त्याची ‘स्थितिकी’, आणि कसा बदलतो याचा अभ्यास ही ‘गतिकी’. सुव्यवस्था आणि प्रगती या दोहोंचा मेळ कॉम्तला हवा होता. हे दोन शब्द 1889पासून ब्राझीलच्या राष्ट्रध्वजावर आहेत. उत्तरायुष्यात त्याने ‘मानवतेचा धर्म’ काढला, तेरा महिन्यांचे पंचांग रचले, आणि मिलसारखे चाहते दुरावले. देवांना रजा देणाऱ्याने शेवटी स्वतःच पुरोहित व्हावे, हा विरोधाभास त्याच्या समकालीनांनाही चुकला नव्हता.

कॉम्तची फ्रेंच शैली कंटाळवाणी होती. इंग्रजी वाचकांपर्यंत तो पोहोचला हॅरिएट मार्टिनोमुळे. 1853 साली तिने त्याच्या सहा खंडांचे दोन खंड केले, आणि कॉम्तने आपल्या अनुयायांना मूळ ग्रंथाऐवजी हा संक्षेप वाचायला सांगितले. पण मार्टिनोला केवळ अनुवादक म्हणणे अन्यायाचे आहे. कानाने जवळपास बहिरी असलेली ही बाई श्रवणनळी घेऊन दोन वर्षे अमेरिकाभर हिंडली आणि 1837 साली तिने त्या समाजाचे चित्र प्रसिद्ध केले. समतेची ग्वाही देऊन उभे राहिलेले राष्ट्र गुलामांना आणि स्त्रियांना कसे वागवते, हा तिचा मापदंड होता. दुसऱ्या समाजाला आपल्या गजाने न मोजता त्याच्या स्वतःच्या घोषित तत्त्वांनी मोजायचे. पुढच्याच वर्षी तिने लोकांच्या चालीरीतींचे निरीक्षण कसे करावे यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. क्षेत्राभ्यासाची पद्धत शिकवणारे इतके जुने पुस्तक या विद्येत विरळा.

कार्ल मार्क्सने स्वतःला कधी समाजशास्त्रज्ञ म्हटले नाही. 1818 साली ट्रिअरमध्ये जन्मलेला आणि पॅरिस, ब्रुसेल्समधून हद्दपार होत 1849 साली लंडनला आलेला हा क्रांतिकारक या शास्त्रात मागच्या दाराने शिरला, पण त्याच्याशिवाय पुढचे कोणतेही घर उभे राहिले नाही. माणसे पोटासाठी काय आणि कोणत्या संबंधांत राहून उत्पादन करतात, यावर त्यांचे कायदे, राज्य आणि कल्पना उभ्या असतात, असे त्याचे म्हणणे. समाजाला बांधणारे सूत्र शोधणाऱ्यांना त्याने समाजाला चिरणारी रेघ दाखवली: उत्पादनाची साधने ज्यांच्याकडे आहेत ते आणि ज्यांच्याकडे विकायला केवळ श्रम आहेत ते. 1867 साली आलेल्या ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात ब्रिटिश कारखाना निरीक्षकांच्या अहवालांचा जागोजागी आधार आहे. क्रांतीच्या ग्रंथाला सरकारी कागदपत्रांनी इतका मालमसाला पुरवावा, ही गंमतच.

हर्बर्ट स्पेन्सर हा मार्क्सचा समकालीन, लंडनकर, आणि जवळपास प्रत्येक बाबतीत उलट टोकाचा. रेल्वेत अभियंता, मग ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकात उपसंपादक अशी वाट चालून तो तत्त्वज्ञ झाला. समाज हा सजीवासारखा असतो. वाढताना त्याचे अवयव वेगळे होतात आणि एकमेकांवर अवलंबू लागतात, हे त्याचे मूळ सूत्र. लष्करी समाजाकडून औद्योगिक समाजाकडे मानवाची वाटचाल होते आणि सरकारने तीत लुडबूड करू नये, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष. ‘सर्वांत लायक तो तगतो’ हा वाक्प्रचार डार्विनचा समजला जातो. तो 1864 साली घडवला स्पेन्सरने.

आज स्पेन्सर फारसे कोणी वाचत नाही, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात तो वाचला जात होता. 1888 साली ‘सुधारक’ काढणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांच्या विचारांवर मिल आणि स्पेन्सर यांचा ठसा आहे. गंमत अशी, की सरकारला हात आखडता घ्यायला सांगणाऱ्या स्पेन्सरच्या या वाचकाने संमतिवयाच्या वादात सरकारी कायद्याची बाजू घेतली. श्यामजी कृष्णवर्मांनी 1903 साली स्पेन्सरच्या अंत्यविधीच्या वेळी त्याच्या नावाने ऑक्सफर्डमध्ये व्याख्यानमालेसाठी हजार पौंडांची देणगी जाहीर केली आणि 1905 साली लंडनमध्ये जे मासिक काढले त्याचे नावच ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’ ठेवले. आक्रमणाला प्रतिकार करणे हे कर्तव्यच आहे, अशा आशयाची स्पेन्सरची वचने त्याच्या मथळ्यावर असत. समाजशास्त्राचे नाव लावून स्वराज्याचा प्रचार करणारे हे बहुधा एकमेव पत्र.

इथवर या विद्येला नाव होते, ग्रंथ होते. विद्यापीठात खुर्ची नव्हती आणि स्वतःची म्हणता येईल अशी पद्धतही नव्हती. फ्रान्समध्ये दोन्ही मिळवून दिल्या एमिल दुर्खीमने. 1858 साली लॉरेन प्रांतातील एपिनाल गावी एका ज्यू धर्मगुरूच्या घरी तो जन्मला. 1887 साली बोर्दो विद्यापीठात त्याची नेमणूक झाली ती शिक्षणशास्त्रासोबत समाजविज्ञान शिकवण्यासाठी. 1902 साली तो सोर्बोनला आला, पण त्याच्या अध्यासनाच्या नावात ‘समाजशास्त्र’ शिरायला 1913 उजाडले. 1895 साली त्याने पद्धतीचे नियम सांगणारे छोटे पुस्तक लिहिले. त्यातली मध्यवर्ती कल्पना ‘सामाजिक तथ्या’ची. भाषा, चलन, कायदा, लग्नाच्या रीती आपल्या जन्माआधीपासून असतात, आपल्यावर बाहेरून दाब टाकतात आणि मोडल्या की शिक्षा करतात. म्हणून त्यांचा अभ्यास वस्तूंसारखा करावा, आणि एका सामाजिक तथ्याचे कारण दुसऱ्या सामाजिक तथ्यात शोधावे, कोणाच्या मनात नव्हे.

त्याआधी, 1893 सालच्या श्रमविभागणीवरील प्रबंधात, त्याने कॉम्तच्या प्रश्नाला उत्तर दिले होते. जुन्या समाजात माणसे सारखी असतात म्हणून एकत्र राहतात. ही ‘यांत्रिक’ एकता. तिथे कायदा दंड करतो, कारण गुन्ह्याने सगळ्यांच्या भावना दुखावतात. आधुनिक समाजात माणसे वेगळी असतात आणि म्हणूनच एकमेकांवाचून त्यांचे अडते. ही ‘सेंद्रिय’ एकता, आणि इथला कायदा मुख्यतः नुकसान भरून देण्याचा. मराठी वाचकाला इथे बारा बलुतेदार आठवावेत हे साहजिक आहे. कामे वाटलेली, सगळ्यांचे सगळ्यांवाचून अडणारे. पण वाटणी जन्माने लादली गेली की ती एकता देत नाही, हे दुर्खीमने त्याच ग्रंथात वर्ग आणि जाती यांचे उदाहरण घेऊन सांगितले आहे. अशा वाटणीला तो ‘सक्तीची श्रमविभागणी’ म्हणतो. त्याचा सहकारी सेलेस्तँ बुग्ले याने पुढे 1908 साली जातिव्यवस्थेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, भारतात पाऊल न ठेवता.

दुर्खीमची खरी कसोटी 1897 सालच्या ‘आत्महत्या’ या ग्रंथात लागली. स्वतःचा जीव घेण्याइतके खासगी कृत्य दुसरे नाही. तेच समाजाच्या अंगाने उलगडून दाखवले तर नव्या शास्त्राचा हक्क सिद्ध होणार होता. भाचा मार्सेल मोस याने सुमारे 26,000 आत्महत्यांच्या नोंदी वय, लिंग, वैवाहिक स्थिती, मुले असणे-नसणे यांनुसार लावून दिल्या. आकडे पाहता प्रत्येक देशाचे आत्महत्येचे प्रमाण वर्षानुवर्षे जवळपास स्थिर राहते. प्रॉटेस्टंटांत ते कॅथलिकांपेक्षा जास्त, अविवाहितांत विवाहितांपेक्षा जास्त, आणि राजकीय उलथापालथीच्या काळात ते चक्क घटते. वेड, हवामान, वंश यांनी याचा उलगडा होत नाही, असे एकेक कारण खोडत तो समाजाशी असलेल्या बांधिलकीपर्यंत येतो. बांधिलकी सैल पडली की ‘स्वकेंद्री’ आत्महत्या. फार आवळली की ‘परार्थवादी’, आणि तिच्या उदाहरणांत तो भारतातील सती देतो. तिसरा प्रकार सर्वांत मोलाचा ठरला. मंदीतच नव्हे, तर अचानक आलेल्या भरभराटीतही आत्महत्या वाढतात, कारण इच्छांना घातलेले बांधच वाहून जातात. या अवस्थेला त्याने ‘अनोमी’ म्हटले. मराठी पाठ्यपुस्तकांत ती ‘प्रमाणकशून्यता’ झाली आहे. अति दडपणातून येणारा चौथा प्रकार त्याने एका तळटीपेत उरकला. ग्रंथाचे दुबळे अंगही पुढे दिसले. आत्महत्येची नोंद शेवटी कोणीतरी माणूसच करतो, आणि जिथे ती पाप मानली जाते तिथे घरचे लोक ती लपवतात. मग कॅथलिकांचे कमी प्रमाण खरे किती आणि झाकलेले किती?

या ग्रंथात ज्याच्यावर सर्वांत कडक टीका आहे तो गाब्रिएल तार्द न्याय मंत्रालयाच्या गुन्हेविषयक आकडेवारीचा प्रमुख होता, आणि आत्महत्यांच्या त्या नोंदी पाहायला मिळाल्या त्याच्याच सौजन्याने. तार्दच्या मते समाज म्हणजे अनुकरण. एकाने नवे काही काढायचे, दुसऱ्यांनी त्याची नक्कल करायची. आणि ही नक्कल प्रायः वरून खाली झिरपते. दुर्खीमला हे मानसशास्त्राचे अतिक्रमण वाटे. फ्रान्समध्ये दुर्खीम जिंकला. तार्दला मात्र अनपेक्षित ठिकाणी वाचक भेटला. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे सार जातीअंतर्गत विवाहात आहे, सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या त्या कुंपणाच्या राखणीच्या तजविजी आहेत, आणि एका वर्गाने दार लावून घेतल्यावर इतरांनी त्याचे अनुकरण केले, अशी त्यांची मांडणी. अनुकरणाच्या दिशेसाठी त्यांनी तार्दच्याच नियमांचा आधार घेतला. मनूने जाती निर्माण केल्या ही समजूत त्यांनी तिथेच बाजूला सारली.

जर्मनीत वारे वेगळे होते. निसर्गाचे स्पष्टीकरण करायचे असते, माणसाच्या कृतीचा अर्थ समजून घ्यायचा असतो, असा तिथल्या तत्त्वज्ञांचा आग्रह. फेर्डिनांड टोनीज याने 1887 साली जिव्हाळ्याचा समुदाय आणि हिशेबाचा समाज असा भेद मांडला. गेओर्ग झिमेल याने मोठमोठ्या व्यवस्थांऐवजी पैसा, महानगरातली बेफिकिरी, परका माणूस, दोघांत तिसरा आला की काय बदलते, असे बारीक विषय हाताळले. बर्लिनमधली त्याची व्याख्याने तुडुंब भरत, पण ज्यूविरोधी वातावरणात त्याला पूर्ण प्राध्यापकपद मिळाले ते 1914 साली, तेही दूर स्ट्रासबर्गला.

माक्स वेबर हा मूळचा कायदा आणि अर्थशास्त्राचा माणूस. एर्फुर्ट येथे 1864 साली जन्म, तिशीतच प्राध्यापकी. 1897 साली वडिलांशी कडाक्याचे भांडण झाले, काही आठवड्यांत वडील वारले, आणि पुढची काही वर्षे वेबर वाचू-लिहूही शकत नव्हता. त्या अंधारातून बाहेर येताच 1904-05 साली त्याने प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाहीची वृत्ती यांवरील निबंध लिहिला. कॅल्व्हिनच्या शिकवणीनुसार कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलेले असते आणि माणसाला ते कळत नाही. या टांगणीला लागलेला श्रद्धाळू आपल्या धंद्यातल्या शिस्तीत आणि यशात देवाच्या कृपेची खूण शोधतो. मिळवतो पण उधळत नाही, म्हणून भांडवल साचते. धर्मानेच भांडवलशाही जन्माला घातली, असे वेबर म्हणत नाही, जरी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत तसे पुष्कळदा लिहिले जाते. मार्क्सच्या गाडीला दुसरे चाकही आहे, एवढाच त्याचा दावा. निबंधाच्या शेवटी येणारा ‘लोखंडी पिंजरा’ हाही 1930 सालच्या टॅलकट पार्सन्सच्या इंग्रजी अनुवादाचा प्रसाद. मूळ जर्मनमध्ये पोलादासारख्या कठीण कवचाची प्रतिमा आहे.

वेबरचे हत्यार म्हणजे ‘आदर्श प्ररूप’. यात ‘आदर्श’ म्हणजे चांगले नव्हे. वास्तवातील काही छटा मुद्दाम गडद करून काढलेले ते चित्र, ज्याच्याशी ताडून वास्तव मोजायचे. सत्ता लोक मुकाट्याने का मानतात याची त्याने अशी तीन प्ररूपे काढली: परंपरेची, करिष्म्याची आणि नियमांची. तिसरीचे शुद्ध रूप म्हणजे नोकरशाही, जिथे अधिकार खुर्चीचा असतो, माणसाचा नव्हे, आणि कागदावर नसेल ते घडलेच नाही असे धरतात. सरकारी कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर धाडलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. 1916-17 साली त्याने हिंदू आणि बौद्ध धर्मांवर लिहिले. कर्माच्या सिद्धांताने जातीला नैतिक बळ दिले आणि आधुनिक भांडवलशाही भारतात आपोआप उगवली नाही, असा त्याचा निष्कर्ष. तो भारतात कधी आला नव्हता. भाषांतरित ग्रंथ आणि ब्रिटिश जनगणनेचे अहवाल हे त्याचे डोळे होते, आणि पोथीतला हिंदू व बाजारातला हिंदू यांतले अंतर त्यांना नीट दिसले नाही. 1920 साली तो न्यूमोनियाने गेला. ‘अर्थव्यवस्था आणि समाज’ हा त्याचा ग्रंथ पत्नी मारिआनेने सिद्ध केला. दुर्खीम त्याआधीच, 1917 साली, युद्धात मुलगा गमावल्याच्या दुःखात गेला होता. दोघे समकालीन, दोघांचा धर्मावर ध्यास, पण एकमेकांच्या प्रमुख ग्रंथांत दोघांचेही नाव सापडत नाही.

अमेरिकेत हे शास्त्र झपाट्याने विद्यापीठात रुजले. शिकागोत 1892 साली विभाग आणि 1895 साली नियतकालिक निघाले. पण त्या दशकातले सर्वांत भक्कम काम एका कृष्णवर्णीय अभ्यासकाचे होते. बर्लिनमध्ये शिकून हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेल्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइसने फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर जाऊन प्रश्नावल्या भरल्या आणि 1899 साली तिथल्या कृष्णवर्णीयांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. गरिबी आणि गुन्हेगारी यांचे मूळ वंशात नसून गुलामगिरीच्या वारशात आणि नोकरीच्या बंद दारांत आहे, हे त्यात आकड्यांनी दाखवले आहे. ज्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने हे काम करवून घेतले, तिथे त्याला अध्यापकाची जागा मिळाली नाही. पाठ्यपुस्तकांतल्या संस्थापकांच्या यादीतही तो फार उशिरा आला. ती यादी तरी कुठे दगडावर कोरलेली होती? पार्सन्सने 1937 साली नव्या सिद्धांताची पायाभरणी करताना मार्शल, पारेतो, दुर्खीम आणि वेबर हे चौघे निवडले; मार्क्स त्यांत नव्हता.

इकडे भारतात, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग 1919 साली सुरू झाला. पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस, स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार. त्यांच्यावर कॉम्तचा आणि कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचा अभ्यास करणाऱ्या फ्रेडरिक ल प्ले याचा प्रभाव पडला होता. जागा, काम आणि लोक ही ल प्लेवरून घेतलेली त्रयी ते शहराच्या अभ्यासाला लावत, आणि विद्यार्थ्यांना पुस्तकाआधी गल्लीबोळांतून हिंडवत. त्यांनी इंग्लंडला पाठवण्यासाठी निवडलेल्यांत मालवणचा एक संस्कृतचा पदवीधर होता, गोविंद सदाशिव घुर्ये. लंडनमध्ये हॉबहाउसकडे थोडा काळ काढून घुर्ये केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे गेले आणि समाजशास्त्राऐवजी मानववंशशास्त्रात मुरले. 1924 साली गेडिस यांनी मुंबई सोडल्यावर विभाग घुर्यांकडे आला. त्यांनी तो 1959पर्यंत सांभाळला, आणि तिथे पोथी व क्षेत्र, संस्कृत व समाज असे दोन्ही एकाच टेबलावर आले. 1932 साली त्यांचा जात आणि वंश यांवरील ग्रंथ निघाला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास आणि ए. आर. देसाई हे त्यांचे विद्यार्थी.